सत्तावीस नंबरचा डबा

आमच्या दवाखान्यात बाहेरच्या खोलीत आरसा नाही. बेसिनवर नुसता खिळा आहे. नवीन माणूस हात धुताना त्या खिळ्याकडं बघतं आणि विचारतं, इथला आरसा कुठं गेला? तो मी काढायला लावला. गारखेड्यातल्या या त्वचेच्या दवाखान्यात मी कामाला लागले तेव्हा तिथं मोठा आरसा होता. मुली आत जायच्या आधी त्यात बघायच्या आणि आणखी तोंड पाडून बसायच्या. एक दिवस एक मुलगी त्यात बघून रडली आणि नंबर यायच्या आधीच निघून गेली. त्या दिवशी मी डॉक्टर मॅडमला म्हटलं, तो आरसा काढा. सोळा वर्षांत मी स्वतःहून बोललेली ती पहिली गोष्ट. दुसरी बोलता आली नाही, लिहून द्यावी लागली. तीच इथं मांडते आहे.

माझं शिक्षण चौथी. फुलंब्रीच्या अलीकडं आमचं गाव. शाळा चौथीपर्यंतच होती आणि घरी म्हशी होत्या. पंधराव्या वर्षी माझ्या तोंडावर मुरुमं आली. आईनं बेसन लावलं, साय लावली, लिंबू लावलं, शेवटी दही लावलं. मुरुमं त्यांच्या वेळेनं गेली, खड्डे राहिले. बचत गटाच्या बायकांनी मला अध्यक्ष हो म्हटलं तेव्हा मी नाही म्हटलं, कारण अध्यक्षाला पुढं बसावं लागतं. अजूनही बोलताना माझा पदर गालावर येतो. औषध कंपनीची कोरी डायरी दवाखान्यात पडून होती, तिच्यात लिहिते. कुणाला दाखवायची नाही असं ठरवलंय, पण कुणाच्या हाती लागलीच तर त्याला कळावं म्हणून आधी कामाचं सांगते.

माझं काम तोंडं पुसायचं. झाडणं, नंबर पुकारणं, चहा हे आहेच, पण खरं काम ते. मॅडम मुरुमं बघण्याआधी तोंडावर काही असून चालत नाही. पावडर, क्रीम, धूळ, घाम सगळं ओल्या कापसानं काढायचं. घासायचं नाही, टिपायचं. मग केस मागं घेऊन पट्टा लावायचा आणि निळ्या भिंतीपुढच्या स्टुलावर बसवायचं. फोटो निघतात समोरून, डावीकडून, उजवीकडून, दर वेळी त्याच दिव्यात. हनुवटी किती वर ठेवायची ते मी हातानं दाखवते. स्वतःच्या तोंडाला परक्या माणसाचा हात लागला की लोक डोळे मिटून घेतात. सुरुवातीला मीही मिटायचे.

नाना तऱ्हेची माणसं येतात. एकजण टूथपेस्ट लावून आला, ती वाळून तोंडावर पापडी धरलेली. एक वडील मुलीला घेऊन यायचे आणि तिला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर स्वतः द्यायचे. मॅडमनी विचारलं, पाळी वेळेवर येते का, तर तेही तेच सांगायला लागले. मेडिकलवाल्यानं गोरं व्हायला दिलेलं मलम दोन-दोन वर्षं लावून भाजल्यासारखी लाल तोंडं घेऊन बायका येतात. त्या दिवशी मॅडम चहा घेत नाहीत.

आणि एकदा पैठणहून एक बाई मुलाला घेऊन आल्या. पिशवीभर बाटल्या बरोबर, त्या गोडसर आंबट पेयाच्या, जिवंत जंतू असतात म्हणतात तसल्या. मोबाईलमध्ये बघितलं होतं त्यांनी, पोट साफ झालं की तोंड साफ होतं. मॅडम म्हणाल्या, "ते खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण खरं आहे हे अजून कुणी पक्कं दाखवलेलं नाही."

बाई बाटल्या पिशवीत भरत म्हणाल्या, "मग तुम्हीच दाखवा की."

मॅडमच्या मनात आधीपासून असावं. पुढच्या वर्षी, असल्या अभ्यासांवर नजर ठेवणारी समिती असते तिची परवानगी वगैरे काढून त्यांनी अभ्यास लावला. मला त्यांनी तो असा समजावून सांगितला. काही जंतू माणसाच्या फायद्याचे असतात, दह्यातले जसे. त्यांना प्रोबायोटिक म्हणतात. ते पोटात गेले तर अंगातली सूज कमी होते आणि त्यानं मुरुमंही कमी होतात, असं काही ठिकाणी दिसलंय. पण ते अभ्यास छोटे. कुणी एक जंतू वापरला, कुणी दुसरा. कुणी पोटात दिला, कुणी तोंडाला लावला. त्यातून ठाम काही निघत नाही. म्हणून आमच्याकडं मुरुमांच्या साठ पेशंटना दोन महिने रोज एक पुडी पाण्यात घालून प्यायला द्यायची. निम्म्या डब्यांत प्रोबायोटिक. निम्म्यांत तशीच दिसणारी, त्याच चवीची साधी पूड. नेहमीचं मलम मात्र सगळ्यांना सारखं.

डब्यावर फक्त नंबर. कुठल्या नंबरात काय, हे एका बंद पाकिटात, आणि ते पाकीट बाहेरगावी एका माणसाकडं. मॅडमला ठाऊक नाही, शबाना सिस्टरला ठाऊक नाही, पेशंटला तर नाहीच. मला हे विचित्र वाटलं. औषध देणाऱ्यालाच माहीत नाही की आपण काय देतो. पेशंटना मॅडम हे सगळं उघड सांगायच्या, खरी मिळेल किंवा साधी मिळेल, चालत असेल तर सही करा, म्हणायच्या.

सत्तावीस नंबर वैष्णवीचा. चितेगावच्या एका कंपनीत पॅकिंगला होती, बावीस वर्षांची. स्कूटीवरून स्कार्फ गुंडाळून यायची, नुसते डोळे दिसायचे, आणि दवाखान्यात बसली तरी स्कार्फ सोडायची नाही. माझ्यापुढं स्टुलावर बसल्यावरच सोडायची. दोन्ही गालांवर, हनुवटीवर मोठे लाल फोड. पहिल्याच दिवशी कापूस लावताना तिनं सांगितलं, कंपनीत नवीन येणाऱ्या पोरापोरींना काम शिकवायला तिला नेमणार आहेत. चाळीस माणसांपुढं उभं राहायचं. ती साहेबांना नाही म्हणणार होती.

"का गं?" मी विचारलं.

"हे तोंड घेऊन का? लई बघतात, मावशी. बोलणं ऐकत नाय कुणी, फोड मोजत बसतात."

मला बचत गट आठवला. त्या दिवसापासून ही मुलगी त्या चाळिसांपुढं उभी राहावी असं माझ्या डोक्यानं घेतलं.

दर पंधरा दिवसांनी पेशंट यायचे, उरलेल्या पुड्या परत आणायचे, नवा डबा न्यायचे. शबाना सिस्टर त्या मोजायच्या, नोंद करायच्या आणि नंबर लिहिलेल्या पिशवीत घालून कपाटात ठेवायच्या. नवे डबेही तिथंच, आणि कपाटाची किल्ली माझ्याकडं. महिना झाला तरी वैष्णवीच्या तोंडात फरक नव्हता. तिनं दोन पुड्या परत आणल्या, पैठणला मावशीकडं गेली होती तेव्हा राहिलेल्या. स्टुलावर बसून म्हणाली, "माझ्या नशिबात साधीच आली असणार. साहेबांना शेवटचं कधी सांगू, विचारतायत ते."

त्याच दिवशी एकतीस नंबर आला. बँकेत नोकरीला, फुलंब्रीहून रोज येजा करणारा, भला माणूस पण विसराळू. दोन खेपांच्या मिळून सोळा पुड्या त्यानं परत टाकल्या.

पुडी खरी की साधी, हे कुणाला कळत नव्हतं. मला वाटलं, मला कळेल. मी लहानपणापासून दह्याला दूध लावत आले. जंतू जिवंत असतील तर दूध लागेल, दही होईल, नसतील तर नाही लागणार. जाताना मी कपाटातून सत्तावीसची एक आणि एकतीसची एक पुडी रुमालात बांधून घरी नेली. चोरीच ती. संध्याकाळी एकाच लिटरचं दूध कोमट केलं, निम्मं निम्मं केलं, एकीकडं एक पुडी, दुसरीकडं दुसरी. सकाळी झाकण काढलं तर एकतीसचं दूध असं लागलेलं की बोटानं कापावं. सत्तावीसचं पातेल्यात दूधच.

मला कळलं असं वाटलं तेव्हा जो आनंद झाला, तो मी आजही नाकारत नाही. सबंध दवाखान्याला, शिकलेल्या माणसांना जे ठाऊक नव्हतं ते मला ठाऊक होतं.

पुढच्या खेपेला वैष्णवीचा शेवटचा डबा द्यायचा होता. नंबर डब्यावरच असतो, पुडीवर काही नसतं. मी सत्तावीसच्या डब्यातल्या चौदा पुड्या काढल्या आणि एकतीसच्या उरलेल्यांतल्या चौदा घातल्या. कुणाचं हिसकावलं नाही, टाकायच्याच होत्या त्या, अशी स्वतःची समजूत घातली. झाकण नीट बसवलं आणि डबा सिस्टरच्या टेबलावर ठेवला.

पंधरा दिवसांनी वैष्णवी आली. तिनं बाहेरच स्कार्फ सोडला होता. फोड बसले होते, लाली उतरली होती. मॅडमनी मोजलं तर निम्म्यावर आले होते. फोटो काढताना मला हनुवटी वर करायला सांगावंच लागलं नाही. तिनं साहेबांना हो सांगितलं होतं, सोमवारपासून शिकवणार होती. मी कापसाचा डबा आवरत होते आणि मनात म्हणत होते, हे मी केलं.

तेवढ्यात वैष्णवीनं विचारलं, "मॅडम, म्हणजे मला खरीच होती ना?"

मॅडम म्हणाल्या, "मला माहीत नाही. पाकीट उघडलं की कळेल. तुझा नंबर ज्या बाजूचा असेल, त्या बाजूला तुझी सुधारणा लिहिली जाईल."

माझे हात थांबले. तिचा नंबर साध्या बाजूचा, हे मला ठाऊक होतं. म्हणजे खऱ्या पुडीनं आलेला गुण साध्या पुडीच्या नावावर लागणार होता. पैठणच्या त्या बाईला, तिच्यासारख्या सगळ्यांना मॅडम जे सांगणार, त्यात माझ्या हातानं खोटं घातलं गेलं होतं. साठ माणसांनी दोन-दोन महिने पुड्या प्यायल्या, ते मी नासवलं होतं.

मॅडमला सांगायचं ठरवलं. सोमवारी केबिनच्या दारापर्यंत गेले आणि चहाचा कप घेऊन परत आले. मंगळवारी आत गेले, त्यांनी वर बघितलं, मी पंखा कमी करू का विचारलं. नोकरी जाईल ही भीती होतीच, पण त्याहून मोठी अडचण ही की माझं तोंडच उघडत नव्हतं. बुधवारी मी ठरवलं की तोंडानं होत नाही तर हातानं करायचं. जेवणाच्या सुट्टीत नोंदवहीतला एक कागद मागून घेतला आणि लिहिलं. जोडाक्षरं चुकली असतील. एवढंच लिहिलं होतं: "मॅडम, मी सत्तावीस नंबरच्या शेवटच्या डब्यात एकतीस नंबरच्या पुड्या घातल्या. सिस्टरची चूक नाही. वैष्णवीला ठाऊक नाही. तुम्ही द्याल ती शिक्षा मी घेईन." कागद त्यांच्यापुढं ठेवला आणि पळून न जाता तिथंच उभी राहिले. ते उभं राहणं मला लिहिण्यापेक्षा जड गेलं.

मॅडमनी दोनदा वाचलं. मग चष्मा काढला. "एकतीसच्याच का?"

"त्या खऱ्या आहेत."

"कशावरून?"

"दूध लावून बघितलं."

त्यांनी पेन उचललं. मग एकच विचारलं, "भांडी कोणती होती?" घरातलीच, म्हटलं. त्यांनी ते लिहून घेतलं. म्हणाल्या, समितीला कळवावं लागेल, वैष्णवीची नोंद बाजूला काढावी लागेल, आणि अभ्यास संपेपर्यंत तुम्ही त्यातल्या एकाही पेशंटच्या तोंडाला हात लावायचा नाही. मी म्हटलं, दूध लावलं ते मी, तोंडं पुसण्याचं त्यात काय? त्या म्हणाल्या, "सत्तावीस नंबरला साधी आहे असं वाटल्यापासून तुम्ही तिला कशा बघत होता, आठवा. तिला ते दिसलं नसेल? आणि मुरुमं मोजणाऱ्या मला दिसलं नसेल?" मला आठवलं. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवायला लागले होते. बँकवाल्याच्या कधी फिरवला नव्हता.

"वैष्णवीला तुम्ही सांगायचं," त्या म्हणाल्या. "मी शेजारी बसेन."

शबाना सिस्टर चार दिवस बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी एवढंच म्हणाल्या, "मावशी, हमारी इत्ती मेहनत, और तुम घर में दूध जमाते बैठे." मी ऐकून घेतलं. मोजलेली एकेक पुडी त्यांच्या हातची होती.

वैष्णवी आली तेव्हा मी सगळं सांगितलं, अडखळत, पण पदर गालावर न घेता. ती ओरडली नाही. तिनं विचारलं, "माझी दया आली का, मावशी?"

मी व्हय म्हटलं.

"मला सगळं वाचून दाखवून सही घेतली होती. खरी मिळो, साधी मिळो, चालेल म्हणून मी सही केली. ती माझी सही होती. तुम्ही ती खोडली." आणि स्कार्फ गुंडाळून निघून गेली.

मला आजवर खूप लोक बोलले आहेत. पण हे लागलं, कारण ते बरोबर होतं. तिला चाळीस माणसांपुढं उभी करायला निघालेली मी, तिच्या एका सहीला मान दिला नव्हता.

अभ्यास चार महिन्यांनी संपला. पाकीट उघडलं तेव्हा मॅडमनी मला आत बोलावलं, सिस्टरही होत्या. मॅडमनी यादीवरून बोट खाली आणलं आणि माझ्याकडं वळवून यादी पुढं केली. अंक मला वाचता येतात. सत्तावीस, प्रोबायोटिक. एकतीस, साधी.

मी परत वाचलं. तेच होतं.

मॅडम म्हणाल्या, "मावशी, भांडी कोणती होती?"

आणि मग मला दिसलं. सत्तावीसचं दूध स्टीलच्या पातेल्यात होतं. एकतीसचं माझ्या गाडग्यात. ते मातीचं गाडगं माझ्या आईचं, वर्षानुवर्षं दही लावून मुरलेलं. धुतलं तरी दही त्याच्या अंगात राहतं. त्यात विरजण घालायचं विसरलं तरी दूध लागतं, हे मी पोर होते तेव्हापासून बघत आले. आईनं मला ते शिकवलं होतं, आणि नेमकं त्या दिवशी मी ते विसरले, कारण मला काय बघायचं होतं ते आधीच ठरलं होतं. म्हणजे वैष्णवीला दीड महिना खरी पुडी मिळत होती. मी ती काढून साधी घातली, आणि तोंड साफ झालं ते त्या साध्या पुडीवर असताना, दोन महिने नेमानं लावलेल्या मलमानं, नाहीतर आपल्या वेळेनं. किंवा आधीच्या खऱ्या पुड्यांचा गुण उशिरा आला असेल. यातलं कुठलं, ते आता कुणालाच सांगता येणार नाही. ते मी घालवलं.

आधी सिस्टर हसल्या. मग मॅडम. मग मीसुद्धा, डोळ्यांत पाणी असताना.

मॅडमनी उरलेल्यांतल्या दोन पुड्या दिल्या, एक खरी, एक साधी. म्हणाल्या, आता नीट करा. तीन भांडी घ्या, सारखी, उकळलेली, आणि तिसऱ्यात काही घालू नका. केलं. सकाळी तिन्हींत दूधच. मॅडम म्हणाल्या, हे जंतू रात्रीत दूध लावणाऱ्यांतले नाहीत, म्हणून दुधावरून ते जिवंत की मेलेले हेही कळत नाही. मी शिकलेल्या माणसांच्या पुढं गेले असं जे मला वाटलं होतं, ते असं निघालं.

अभ्यासातून काय आलं तेही लिहिते. दोन्ही बाजूंची मुरुमं कमी झाली, कारण मलम दोघांना होतं. खऱ्या पुडीवाल्यांचे सुजलेले लाल फोड थोडे जास्त कमी झाले, पण फरक इतका बारीक आणि माणसं इतकी कमी की तो नुसता योगही असू शकतो. मॅडमनी तसंच लिहिलं. त्यात माझ्या कर्तुकीची एक ओळ आहे, नाव न घालता. ती ओळ काढू नका, असं मीच सांगितलं.

वैष्णवीला फोन मी केला. आजवर पेशंटला मी कधी फोन केला नव्हता. सगळं ऐकून ती म्हणाली, "म्हणजे खरी पीत होते तेव्हा फोड, अन् तुम्ही खोटी पाजली तेव्हा तोंड साफ. मावशी, तुमचं दही काय कामाचं नाय." आणि हसली. मी विचारलं, शिकवतेस का अजून? म्हणाली, तिसरी तुकडी चालू आहे, हनुवटीवर परत दोन आलेत, पोरं बघतात, बघू देत.

आता मोठा अभ्यास होणार आहे, तीन गावच्या दवाखान्यांत मिळून. या वेळी काम करणाऱ्या प्रत्येकाला एक कागद वाचून सही करायची होती. सिस्टर वाचून दाखवते म्हणाल्या. मी नको म्हटलं. ओळीवर बोट ठेवून अर्धा तास वाचला आणि मग सही केली. मॅडमनी कपाटाची किल्ली माझ्यापुढं ठेवली. म्हणाल्या, माझा विश्वास आहे. मी ती उचलली आणि सिस्टरच्या हातात दिली. ज्या हातानं तोंडं पुसायची, त्या हातात डबे नकोत. सिस्टरनी किल्ली कमरेला लावली आणि म्हणाल्या, "अब आयी अक्कल."

पहिल्या दिवशी पहिली आली ती अठरा-एकोणीस वर्षांची, स्कार्फ गच्च धरून. स्टुलावर बसली, हळूहळू सोडला. मी गाल टिपायला लागले. तिनं डोळे मिटून विचारलं, "मावशी, मला खरी मिळेल ना?"

"मला ठाऊक नाही, बाळा," मी म्हटलं. "आणि मी ठाऊक करून घेणार नाही. हनुवटी जरा वर कर."